खाडीकाठच्या गावाची दोन महायुद्धं: नावं कुठे शोधायची आणि कशी पडताळायची

प्रश्न असा आहे: रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या तोंडावरच्या एका गावात शाळेच्या भिंतीत छोटी संगमरवरी पाटी बसवलेली आहे. ‘या गावातून इतके लोक 1914–1919च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ एवढाच इंग्रजी मजकूर, नाव एकही नाही. ही माणसं कोण होती हे कसं शोधायचं, आणि दोन्ही महायुद्धांच्या काळातला गावाचा इतिहास कसा लिहायचा?

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, कारण बहुतेकांचं काम याच जागी फसतं. किनाऱ्यावरच्या गावाचं युद्ध नुसतं पलटणीत शोधलं तर अर्धंच हाती लागतं. खाडीकाठची माणसं मराठा पलटणीत गेली, तशीच ती आगबोटींवर खलाशी, सुकाणी, आगवाले, भंडारी म्हणून गेली, बसऱ्याला नदीतल्या बोटींवर गेली आणि मुंबईच्या गोदीत राबली. पाटीवरचा आकडा सैन्यभरतीच्या कागदांतून आलेला असतो. जहाजावर बुडालेला माणूस त्यात धरला असेल असं गृहीत धरू नका. सैन्यासाठी एक आणि दर्यासाठी एक अशा दोन वेगळ्या याद्या पहिल्या दिवसापासून करा.

सुरुवात पाटीपासूनच करू. आधी पूर्ण भिंतीचा फोटो, मग पाटीचा, मग प्रत्येक ओळीचा. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड असताना फोटो घ्या. फ्लॅश समोरून मारला की कोरीव अक्षरं सपाट दिसतात. उजेड नसेल तर पाटीच्या बाजूला भिंतीलगत टॉर्च धरा. धुवायची असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. ॲसिड, तारेचा ब्रश, चुन्याचा हात हे कटाक्षाने टाळा. खाऱ्या हवेने संगमरवराचा पृष्ठभाग आधीच भुसभुशीत झालेला असतो आणि एका घासणीत आकडा कायमचा जाऊ शकतो. पाटीवर ऑइलपेंट असेल तर स्वतः खरवडू नका.

‘1919’ हे साल वाचून गोंधळू नका. लढाई नोव्हेंबर 1918मध्ये थांबली, पण तह जून 1919मध्ये झाला आणि त्याच वर्षी सरहद्दीवर तिसरं अफगाण युद्धही झालं. म्हणून 1919मध्ये वायव्य सरहद्दीवर गेलेला गावचा माणूसही याच हिशेबात येऊ शकतो. सरहद्दीवर मेलेल्यांची नावं दिल्लीच्या इंडिया गेटवर आहेत.

दुसरी अडचण हद्दीची. 1914 साली आजचा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. तो 1981मध्ये वेगळा झाला. मालवण, देवगड, वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरीतच होते, पण सावंतवाडी आणि कुडाळ संस्थानात. वर मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा जंजिऱ्याच्या नवाबाकडे. आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. लांजा, कणकवली या नावांचे तालुके नंतरचे. तुमचं गाव त्या वेळी कोणत्या तालुक्यात, कोणत्या पेट्यात (तालुक्याच्या पोटभागात) होतं हे आधी पक्कं करा, नाहीतर महिनाभर चुकीच्या कप्प्यात शोधत बसाल. शिरगावसारखं नाव रत्नागिरी, चिपळूण आणि देवगड या तिन्ही तालुक्यांत आहे. तालुका न पाहता नाव उचललं की दुसऱ्याच्या गावचा हुतात्मा आपल्या पाटीवर येतो.

आता नावांकडे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची विनामूल्य ऑनलाइन नोंदवही हे पहिलं साधन. बहुतेक जण तिथे आजोबांचं नाव टाकतात, काही मिळत नाही आणि सोडून देतात. उलट करा. नावाचा रकाना रिकामा ठेवा, ‘ॲडिशनल इन्फर्मेशन’च्या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव घाला, युद्ध निवडा आणि सगळी यादी उतरवून घ्या. भारतीय शिपायांच्या बऱ्याच नोंदींत ‘अमुकचा मुलगा’ किंवा ‘अमुकीचा नवरा, राहणार अमुक, रत्नागिरी’ अशी एक ओळ असते. तुमचं सगळं काम त्या ओळीवर उभं राहणार आहे.

स्पेलिंगची तयारी मात्र हवी. कारकुनाने कानाला जसं वाटलं तसं लिहिलं. वेंगुर्ले ‘विंगोर्ला’ होतं, दाभोळ ‘दाबुल’, हर्णै ‘हर्नी’, राजापूर ‘राजापोर’. रत्नागिरीच्या पहिल्या अक्षरात ‘ए’ऐवजी ‘यू’ भेटतो. सावंत ‘डब्ल्यू’नेही येतात आणि ‘व्ही’नेही. प्रत्येक गावाची आणि आडनावाची पाच-सहा रूपं कागदावर लिहूनच शोधायला बसा.

सरावासाठी एक नोंद उघडून बघा: नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, नाव कसिनो स्मारकावर आहे. त्या नोंदवहीत पहिलं नाव ‘येशवंत’ असं आहे. ‘यशवंत’ टाइप केलं तर इतका मोठा माणूससुद्धा निसटतो, मग साध्या शिपायाचं काय होईल याचा विचार करा. हुद्दा, नंबर, पलटण, तारीख, स्मारक हा प्रत्येक रकाना काय सांगतो ते या एका नोंदीवर शिकून घ्या आणि मग गावाकडे वळा.

ही नोंदवही कोणाला धरते तेही ठाऊक असावं. पहिल्या युद्धासाठी 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921, दुसऱ्यासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947. या मुदतीत सैन्यात असताना आजाराने गेलेलाही नोंदीत येतो. पण जखमा घेऊन घरी परतला आणि 1923 साली त्याच जखमांनी गेला तो येत नाही. गाव त्याला हुतात्मा मानत असेल तर जरूर लिहा, फक्त यादीतल्या नावांपासून वेगळं ठेवा.

पलटणींची नावं नीट समजली नाहीत तर नोंद हाताशी असून ओळखता येत नाही. पहिल्या युद्धात मराठ्यांच्या पलटणी 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या नंबरांच्या होत्या. कोकणी मराठे हा भरतीतला वेगळा वर्ग होता. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्समध्येही मराठे होते. 1922च्या फेररचनेत या सहा पलटणींची मिळून ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ झाली आणि नंबर बदलले: 103ची झाली एक-पाच, 105ची दोन-पाच, 110ची तीन-पाच, 116ची चार-पाच, 117ची पाच-पाच, आणि 114 ही बेळगावची शिकवणी बटालियन. घरच्या कागदावर ‘5 मराठा’ दिसलं तर ती पाचवी बटालियन नव्हे, रेजिमेंटचा नंबर आहे. त्याच्या आधी तिरप्या रेघेपलीकडे असेल तो बटालियनचा. शिपायाचा नंबरही पलटणीपुरताच समजा. तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाचा असतो, म्हणून नुसत्या नंबरावरून जुळवाजुळव करू नका.

पहिल्या युद्धातली कोकणची सगळ्यात मोठी जखम बहुधा ‘बसरा’ या शब्दाखाली पुरलेली असते. गावात म्हातारी माणसं ‘बसऱ्याला गेला तो आलाच नाही’ म्हणतात, कुणी ‘लामावर गेला’, म्हणजे लढाईवर गेला, म्हणतं. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या तिन्ही पलटणी होत्या. कूत-अल-अमाराला त्यांना 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 असा वेढा पडला आणि शेवटी शरणागती झाली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात आणि पुढच्या छावण्यांत असंख्य मेले. अशा माणसाच्या मृत्यूची तारीख अंदाजे किंवा दोन तारखांच्या मधली असू शकते. कैद्यांसाठी रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने पहिल्या महायुद्धाची कार्डं ऑनलाइन ठेवली आहेत. तिथे पलटणीचा नंबर हाच धागा. बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे, पण भारतीय शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नव्हती. पलटणीपुढे फक्त संख्या लिहिली गेली, नावं नोंदवहीत. म्हणून बसऱ्याच्या स्मारकाचा फोटो मिळवून त्यात आजोबा शोधू नका, नोंदवही वाचा.

याच बसऱ्याला खाडीकाठची आणखी माणसं होती. तैग्रिस नदीवर सैन्याची रसद बोटींनी जायची, त्यासाठी ‘इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट’ नावाचं खातं उभं राहिलं आणि त्याला नदी-दर्याची सवय असलेली माणसं हवी होती. नोंदीत हुद्दा सारंग, टंडेल किंवा लास्कर आणि खातं रॉयल इंजिनिअर्सचं दिसलं तर ती चूक समजून वगळू नका. हाच तुमच्या गावचा माणूस असण्याची शक्यता जास्त.

महारांच्या बाबतीत विशेष लक्ष द्या. 111वी महार पलटण 1917मध्ये उभारली आणि 1921मध्ये मोडली. महार रेजिमेंट पुन्हा 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला उभी राहिली. दापोली, खेड, मंडणगड, महाड या पट्ट्यात लष्करी पेशाची परंपरा या समाजात जुनी आहे. तरी गावच्या मंडळाने केलेल्या याद्यांत बौद्धवाडी अनेकदा नसतेच. पाटीवरचा आकडा मात्र पूर्ण महसुली गावाचा आहे, सगळ्या वाड्यांसह. आकडा जुळत नसेल तर चूक सरकारच्या पाटीत शोधण्याआधी आपण कोणत्या वाडीत गेलोच नाही ते बघा. खारवी, गाबीत, भंडारी, दालदी आणि कोकणी मुसलमानांचा मोहल्ला, प्रत्येक ठिकाणी त्या वाडीतलाच माणूस बरोबर घेऊन जा.

आता घरातल्या वस्तू. पहिल्या युद्धाचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचं, 36 मिलिमीटरचं. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लोक दोन्ही बाजूंचे फोटो पाठवतात आणि कडेचा पाठवत नाहीत, खरी माहिती तर तिथेच. मेडल उभं धरून, थोडं थोडं फिरवत पाच-सहा फोटो घ्या. तेच मेडल काशाचं असेल तर ते नकली नव्हे. हमाल, मजूर तुकड्यांतल्या माणसांना काशाचं दिलं जायचं. म्हणजे आजोबा शिपाई नसून लष्कराबरोबरच्या कामगारांत होते हे नुसत्या धातूवरून कळतं. ‘मर्कंटाइल मरीन’चं काशाचं मेडल वेगळं, त्याच्या कडेवर फक्त नाव, ते जहाजावरच्या माणसाचं. साधारण 12 सेंटिमीटरचा जड, गोल काशाचा फलक मिळाला तर तो मृताच्या वारसाला दिलेला आहे. त्यावर नाव असतं, हुद्दा नसतो. यातलं काहीही चिंच लावून घासू नका. कडेवरची अक्षरं उथळ असतात, दोन-तीन दिवाळ्यांत पुसली जातात.

गावातल्या दप्तराचा उपयोग दुहेरी आहे: नाव पटवायला आणि काळ समजायला. शाळेचं जनरल रजिस्टर पहिलं. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, जात, गाव सगळं असतं. शिपायाच्या नोंदीत ‘गणपत’ एवढंच असेल तर त्याच वयाचे गावात किती गणपत होते ते रजिस्टर सांगतं. तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी गाव नमुना 14ची नोंदवही, बहुधा मोडीत असते. परदेशात मेलेला माणूस त्यात सापडणार नाही, कारण ती गावात झालेल्या मृत्यूंची वही आहे. तरी ती पाहाच. 2023पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे बऱ्याच तहसिलींत ही दप्तरं बाहेर काढली गेली आहेत आणि मोडी वाचणारे जाणकारही शोधले गेले आहेत, त्याचा फायदा घ्या. तिसरी जागा फेरफार. युद्धात गेलेल्याचं नाव जमिनीवर असेल तर काही वर्षांनी वारस नोंद झालेली असते. खोती गावांत कुळाचं नाव मिळायला वेळ लागतो, पण जिथे मिळतं तिथे बायको, मुलं, भाऊ एका ओळीत सापडतात.

कोतवाल बुकात 1918ची पानं वेगळी काढा. इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबई बंदरात शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याची मारक लाट आली. लोक तिला मानमोडी म्हणत. मुंबईहून परतणाऱ्या चाकरमान्यांबरोबर ती गावोगाव पोचली. महिन्याप्रमाणे मृत्यू मोजून 1916 आणि 1917च्या त्याच महिन्यांशी ताडून बघा. बऱ्याच गावांत चार वर्षांच्या लढाईपेक्षा या दोन महिन्यांनी जास्त माणसं नेली. युद्धाचा इतिहास म्हणून हे पान लिहायलाच हवं.

आता दर्या. हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात समृद्ध आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जहाजावरची भरती सारंगामार्फत व्हायची. सारंग माणसं आणायचा ती आपल्या गावची, आपल्या नात्यातली. त्यामुळे एक बोट बुडाली की एकाच दिवशी एकाच गावातली किंवा शेजारच्या तीन-चार गावांतली बरीच घरं उजाड व्हायची. शोधण्याची रीतही यातूनच येते: नावाने शोधू नका, तारखेने शोधा. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या भारतीय नाविकांसाठी ‘बॉम्बे 1914–1918 मेमोरियल’ मुंबईत मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे, त्यात दोन हजारांहून जास्त नावं. दुसऱ्या युद्धाच्या स्मरणवहीच्या दोन प्रती आहेत, एक याच सेलर्स होममध्ये आणि एक चितगावच्या युद्ध दफनभूमीत. तिच्यात रॉयल इंडियन नेव्हीचे चारशेहून जास्त आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ सहा हजार. दोन्ही याद्या ऑनलाइन उतरवा, तारखेनुसार लावा, मग जहाजानुसार. एकाच तारखेखाली नावांचा पुंजका दिसला की त्या बोटीची माहिती काढा. पी. अँड ओ. या आगबोट कंपनीची ‘पर्शिया’ लंडनहून मुंबईला येताना 30 डिसेंबर 1915 रोजी क्रीटजवळ टॉर्पेडोने बुडाली, 519पैकी 343 माणसं गेली. ‘तिलावा’ मुंबईहून आफ्रिकेला जाताना 23 नोव्हेंबर 1942 रोजी जपानी पाणबुडीने बुडवली, 280 मृत. युद्धनौकांत ‘इंडस’ 6 एप्रिल 1942 रोजी ब्रह्मदेशातल्या अक्याबला बुडाली. या तारखा आधी तपासा.

अडचणी दोन. पहिली, मुसलमान खलाशांच्या नोंदीत आडनाव नसतं, ‘इब्राहिम इस्माईल’ इतकंच: स्वतःचं आणि बापाचं नाव. गावही बहुधा नसतं. अशी नोंद जमातीच्या लग्न-मृत्यूच्या वहीशी आणि घरच्या सीडीसीशी जुळल्याशिवाय पक्की धरू नका. सीडीसी म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक. त्यात प्रत्येक सफरीचं जहाज, चढल्या-उतरल्याची तारीख आणि बंदर शिक्क्यासह असतं. सुकी बोंबील ठेवायच्या पेटीतसुद्धा ही पुस्तकं मिळतात, वास येतो म्हणून फेकू देऊ नका. दुसरी अडचण अशी की व्यापारी जहाजावरचा माणूस शत्रूच्या हल्ल्यात मेला तरच वॉर ग्रेव्हजच्या यादीत येतो. न्यूमोनियाने किंवा फळीवरून घसरून गेलेला येत नाही. त्यासाठी लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली मृत नाविकांची नोंदवही, मालिका ‘बीटी 334’, पाहावी लागते. दुसऱ्या युद्धातल्या जहाजांच्या खलाशी-याद्या ‘बीटी 381’मध्ये आहेत. पहिल्या युद्धातल्या 1915च्या याद्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाने ऑनलाइन आणल्या आहेत आणि त्या जहाजाच्या नावाने शोधता येतात. युद्धकाळातल्या उरलेल्या बऱ्याच याद्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या सागरी अभिलेखागारात आहेत. कुठेही पत्र लिहिताना खलाशाचं नाव नव्हे, जहाजाचं नाव आणि वर्ष द्या. तिकडची मांडणी जहाजावरून आहे.

गोव्याकडच्या गावांची रीत थोडी वेगळी. गोंयकार बोटीवर मुख्यतः सलूनमध्ये (प्रवाशांच्या सेवेत), स्वयंपाकघरात असत आणि मुंबईत धोबीतलाव, माझगावच्या गावच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, उतरत. त्या कुडाची सभासदवही हाताशी आली तर चर्चच्या रजिस्टरपेक्षा लवकर माग लागतो.

आपल्याच किनाऱ्यावर घडलेल्या घटना गावच्या आठवणीत असतात, पण तारखेवाचून. जर्मन जहाज ‘वुल्फ’ने फेब्रुवारी 1917मध्ये मुंबईबाहेर सुरुंग पेरले आणि त्यांतल्या एकावर 23 जून 1917 रोजी ‘मंगोलिया’ ही टपालबोट बुडाली. दुसऱ्या युद्धात किनाऱ्यावरच्या प्रवासी बोटी नौदलाने ताब्यात घेतल्या. त्यांतली ‘प्रभावती’ 8 डिसेंबर 1941च्या रात्री ब्रिटिश क्रूझर ‘ग्लासगो’ने जपानी पाणबुडी समजून बुडवली. मुरगावात अडकलेली ‘एरेनफेल्स’ आणि इतर जर्मन-इटालियन जहाजं 9 मार्च 1943च्या छाप्यानंतर त्यांच्याच खलाशांनी जाळली, बुडवली. त्याच बंदरात ऑक्टोबर 1943मध्ये ‘तेइया मारू’ आणि ‘ग्रिप्सहोम’ यांच्यामध्ये नजरकैद्यांची अदलाबदल झाली. ‘पाणबुडी दिसली होती’ ही गोष्ट तर प्रत्येक बंदरात ऐकायला मिळते. ऋतू, बोटीचं नाव, वाहून आलेली वस्तू यांपैकी काहीतरी सांगता आलं तरच ती पुढे न्या.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारलं तर चुकतं, खुणा विचाराव्यात. भोकाचा पैसा हातात आला होता का? तो 1943 ते 1947मधला. एक रुपयाची कागदी नोट पहिल्यांदा 1917च्या अखेरीस आली, पुन्हा 1940मध्ये. गोदीचा धडाका झाला तेव्हा वडील कुठे होते? ती तारीख 14 एप्रिल 1944, दुपारी चारनंतर, व्हिक्टोरिया गोदीतल्या ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट. त्या स्फोटात गेलेले गोदी कामगार सैनिकांच्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी मुंबई महापालिकेच्या मृत्युनोंदी आणि कॉरोनरचे कागद. मृत्यूची तिथी विचारताना एक सावधगिरी बाळगा: मृत्यूचा दिवस ठाऊक नसला तर बातमी आली त्या तिथीला किंवा अमावास्येला श्राद्ध करतात. घरची तिथी आणि सरकारी तारीख यांत तीन-चार महिन्यांचं अंतर पडलं तरी दोन्ही खरी असू शकतात.

दुसऱ्या युद्धातलं घरचं जगणं तीन गोष्टींनी बदललं. मार्च 1942मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. पुरेसं भात न पिकणाऱ्या आणि बाहेरच्या तांदळावर विसंबलेल्या रत्नागिरीला हा फटका थेट बसला. मुंबईत रेशनिंग मे 1943मध्ये आलं. आगबोटी कमी झाल्याने मालाची वाहतूक पडाव, मचवे, फत्तेमारींकडे वळली आणि काही तांडेल-सावकारांना बरकत आली. बंदरावरच्या जकातीच्या वह्या यासाठी पाहा. नॉर्वेचं कॉडचं तेल थांबल्यावर मुशीच्या यकृताच्या तेलाला मागणी आली, तीही कोळीवाड्यात विचारा. आणि शाळेचं रजिस्टर पुन्हा एकदा: डिसेंबर 1941 ते मे 1942मध्ये ‘मागील शाळा मुंबई’ अशी किती मुलं दाखल झाली ते मोजा. बॉम्बच्या भीतीने मुंबई सोडून आलेली कुटुंबं तिथे नावानिशी आहेत.

1946च्या फेब्रुवारीतल्या नाविकांच्या बंडात कोकणातली पोरंही होती. नौदलातून त्या साली काढून टाकलेला कुणी गावात असेल तर त्याची नोंद युद्धाच्या प्रकरणाशेवटी घ्या, वेगळ्या स्वातंत्र्यलढ्याच्या पानावर ढकलू नका. माणूस तोच, नोकरी तीच.

बाहेरची साधनं थोडक्यात: बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरचं संग्रहालय, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे ऑनलाइन दालन, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार, आणि रत्नागिरीचं ‘सत्यशोधक’ हे 1871पासूनचं साप्ताहिक. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांची माहिती असते, पण ती जिवंत माणसांची आहे. घरच्यांची संमती घेऊनच वापरा. लाहोरला सापडलेल्या भरतीवह्यांचा गाजावाजा झाला होता, त्या फक्त पंजाबच्या आहेत.

सगळं एका तक्त्यात भरा: कागदावरचं नाव जसंच्या तसं, गावातलं नाव, वडील, वाडी, पलटण किंवा जहाज, तारीख, ठिकाण, स्मारक, पुरावा. शेवटचा रकाना दर्जाचा: पक्का, संभाव्य, ऐकीव. एकमेकांवर न विसंबणारे दोन पुरावे असतील तरच पक्का. मेडल आणि त्याच मेडलवरून लिहिलेली स्मरणिका हा एकच पुरावा धरायचा. नव्या पाटीवर फक्त पक्की नावं कोरा आणि खाली दोन-तीन ओळींची जागा रिकामी सोडा. संभाव्य आणि ऐकीव नावं पुस्तिकेत, त्यांच्या दर्जासकट छापा.

कामाचं वेळापत्रक कोकणाच्या चालीने आखा. जून-जुलैत बसून ऑनलाइन याद्या आणि तक्ता. वाडीवार कच्ची यादी गणपतीच्या आत छापून तयार हवी, कारण बंद घरं त्याच दिवसांत उघडतात आणि मुंबईकर माळ्यावरच्या पेट्या उतरवायला हजर असतात. आरती झाल्यावर यादी मोठ्याने वाचा, आडनावानुसार नव्हे, वाडीनुसार. ज्याला आपलं नाव सुटलं असं वाटतं तो तिथल्या तिथे उठून सांगतो; त्याच्याकडून मेडल, सीडीसी, मनिऑर्डरची पावती किंवा पत्र यांचा फोटो त्याच दिवशी घ्या आणि मूळ वस्तू लगेच परत करा. तहसिलीचं आणि अभिलेखागाराचं काम दिवाळीनंतर.